माला आणि मणी : कोड गोल्फमधील ‘स्ट्रिंग’च्या व्याख्येविषयी एक प्रतिवाद

संगणकाची आज्ञावली शक्य तितक्या कमी बाइटमध्ये लिहून दाखवण्याच्या खेळाला ‘कोड गोल्फ’ म्हणतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस पर्ल या भाषेच्या जाणकारांत हे नाव रूढ झाले आणि पुढे बहुतेक सर्व भाषांत हा खेळ पसरला. कमीत कमी फटक्यांत चेंडू खळग्यात घालणारा जसा गोल्फमध्ये जिंकतो, तसा येथे सर्वांत आखूड संहिता लिहिणारा जिंकतो. आव्हान देणारा सांगतो : दिलेला शब्द उलटा करा, दिलेल्या ओळीतील स्वर मोजा, दिलेली ओळ दोन्ही बाजूंनी सारखीच वाचता येते की नाही ते ठरवा. या आव्हानांत जी संज्ञा सर्वांत जास्त वेळा येते आणि जिची व्याख्या करण्याची गरज कोणालाच वाटत नाही, ती म्हणजे ‘स्ट्रिंग’. मराठीत तिला चिन्हमाला म्हणता येईल.

व्याख्या होत नाही. पण सवलत मात्र दिली जाते. चिन्हमालेऐवजी चिन्हांची यादी घेतली किंवा दिली तरी चालेल, असा संकेत या खेळात आता इतका स्थिर झाला आहे की त्याच्याविरुद्ध बोलणारा रसभंग करणारा ठरतो. काही ठिकाणी त्याहून एक पाऊल पुढे जाऊन चिन्हांच्या अंकसंकेतांची यादीही माला म्हणून स्वीकारली जाते. या सवलतीचे समर्थक तीन गोष्टी सांगतात. सर्व भाषांत माला नावाचा स्वतंत्र प्रकार नसतो, तेव्हा ज्या भाषेत तो नाही तिच्यावर अन्याय होऊ नये. यादीची माला करण्याचा खर्च हा निव्वळ कारकुनी असतो. पायथनमध्ये त्याला ९ बाइट लागतात, जावास्क्रिप्टमध्ये ७, आणि या ७ किंवा ९ बाइटांत बुद्धीचा कस लागण्यासारखे काही नसते. आणि तिसरे, ज्यावर पहिली दोन विधाने उभी आहेत, ते असे की माला म्हणजे अखेर चिन्हांचा क्रम होय. तो क्रम कोणत्या डब्यात ठेवला आहे हे गौण आहे.

प्रस्तुत प्रतिवाद या तिसऱ्या विधानाशी आहे. पहिल्या दोहोंशी भांडण फारसे नाही. तिसरे मात्र खेळापुरते उरत नाही. संहिता म्हणजे चिन्हांचा क्रम, आणि क्रम तोच असेल तर संहिता तीच, हे मत साहित्यमीमांसेतही दीर्घकाळ वावरले आहे. नेल्सन गुडमन यांनी १९६८ साली कलांच्या भाषांविषयीच्या आपल्या ग्रंथात साहित्यकृतीची एकात्मता वर्णलेखनाच्या अभिन्नतेवर बसवली, तेव्हा त्यांच्यापुढे याच विचाराचे अतिशय काटेकोर रूप होते. गुडमन यांनी निदान त्यासाठी चिन्हव्यवस्थेने कोणत्या अटी पाळल्या पाहिजेत हे तपशिलाने मांडले : एक खूण एकाच चिन्हाची असली पाहिजे, आणि दोन चिन्हे परस्परांपासून निश्चितपणे वेगळी करता आली पाहिजेत. गोल्फच्या उदारमतवाद्यांनी निष्कर्ष तेवढा उचलला आणि अटी सोडून दिल्या.

‘चिन्हांची यादी’ या शब्दप्रयोगात ‘चिन्ह’ म्हणजे काय ते आधीच ठाऊक आहे असे गृहीत धरलेले असते. ते ठाऊक नाही. पायथनचेच उदाहरण घ्यावे. या भाषेत चिन्ह नावाचा प्रकारच नाही. मालेतील पहिले चिन्ह मागितले असता भाषा एक मण्याची माला हाती देते. तिचे पहिले चिन्ह मागितले तर पुन्हा तीच. म्हणजे माला ही चिन्हांची यादी आणि चिन्ह ही एक लांबीची माला, असे हे वर्तुळ आहे. उलट एपीएलमध्ये एक चिन्ह हे अदिश मानले जाते आणि एक चिन्ह असलेली माला हा सदिश असतो. दोन्ही पडद्यावर सारखीच दिसतात आणि नवशिक्याचा घात करतात. हॅस्केलमध्ये माला ही खरोखरच चिन्हांची यादी आहे, व्याख्येनेच. एर्लंगमध्ये ती पूर्णांकांची यादी आहे, आणि तेथे जे घडते ते विचार करण्यासारखे आहे. तीन विद्यार्थ्यांचे गुण ६५, ६६, ६७ असे यादीत ठेवून ती यादी एर्लंगच्या संवादपटलावर पाहावी, तर गुण दिसत नाहीत. इंग्रजी वर्णमालेतली पहिली तीन अक्षरे दिसतात. पटलाने ते अंक छापता येण्याजोग्या चिन्हांचे संकेत आहेत असे ताडले आणि यादीला मजकूर मानले. येथे डबाही तोच आहे, क्रमही तोच आहे, आणि तरी एका क्षणी ती गुणपत्रिका असते व दुसऱ्या क्षणी शब्द. मालेचे मालापण क्रमात असते तर हा गोंधळ संभवला नसता. ते वाचणाऱ्याच्या संकेतात आहे. येथे वाचणारा यंत्र आहे एवढाच फरक.

आता मण्यांकडे वळू. ‘स्त्री’ या शब्दात किती चिन्हे आहेत? यूटीएफ-८ या आज सर्वत्र चालणाऱ्या लेखनपद्धतीत तो १८ बाइट व्यापतो. युनिकोडच्या संकेतस्थानांच्या हिशेबाने तो ६ चिन्हांचा आहे : स, हलन्तचिन्ह, त, पुन्हा हलन्तचिन्ह, र आणि दीर्घ ईकार. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात ४ वर्ण आहेत. वाचकाला एकसंध वाटणाऱ्या लेखनघटकांची जी व्याख्या युनिकोडने केली आहे, तिच्यानुसार २०२३ पूर्वी तो ३ घटकांचा होता. त्या वर्षी निघालेल्या १५.१ या आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षरे न तोडण्याचा नियम आला आणि तोच शब्द १ घटकाचा झाला. अभंग लिहिणाऱ्याला तो पूर्वीपासून १ अक्षराचाच होता, आणि मात्रा मोजणाऱ्याला २ मात्रांचा. शब्द बदललेला नाही. त्याच्या लेखनातील एक कानाही इकडचा तिकडे झालेला नाही. अठरा, सहा, चार, तीन, दोन, एक ही सर्व उत्तरे आपापल्या जागी बिनचूक आहेत. ‘शब्द उलटा करा’ असे आव्हान दिले असता यांपैकी कोणत्या गणनेने उलटा करायचा, हे न सांगता केवळ ‘चिन्हांची यादीही चालेल’ असे औदार्य दाखवणे म्हणजे मापच न सांगता धान्य मोजून देण्याचे आश्वासन देणे होय.

संकेतस्थानांच्या क्रमाने हा शब्द उलटवला की मिळते ते वाचता येत नाही : आरंभीच आधार नसलेला ईकार, आणि मग र, त आणि स यांचे उलट्या क्रमाने बनलेले जोडाक्षर. पडद्यावर त्या निराधार ईकाराखाली ठिपक्यांचे एक वर्तुळ उमटते. स्पर्धेच्या परीक्षकाच्या लेखी मात्र हे उत्तर बरोबर असते.

यावर असे म्हटले जाईल की देवनागरी ही अडचणीची लिपी आहे, आणि अपवादासाठी नियम बदलत नाहीत. हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. रोमन लिपीतील स्वराघातयुक्त अक्षर युनिकोडमध्ये एका संकेतस्थानानेही लिहिता येते आणि दोहोंनीही. आणि इंग्रजीभाषक खेळाडूंना ज्या दिवशी भावचिन्हांची सवय झाली त्या दिवशी ही ‘पौर्वात्य’ अडचण त्यांच्या घरात आली. पुरुष, स्त्री, मुलगी आणि मुलगा अशा चौघांच्या कुटुंबाचे जे एक चित्र पडद्यावर दिसते, ते ७ संकेतस्थानांचे असते. जावास्क्रिप्ट त्याची लांबी ११ सांगते आणि यूटीएफ-८ मध्ये ते २५ बाइट घेते. त्या चौघांना जोडणारे जे अदृश्य, शून्य रुंदीचे चिन्ह आहे, ते युनिकोडमध्ये चित्रांसाठी आलेले नाही. आपल्याकडील जोडाक्षरांची रूपे ठरवण्याच्या कामी ते पूर्वीपासून राबत होते. तेव्हा कोणाच्याच लक्षात आले नाही, ही गोष्ट वेगळी.

या प्रश्नाचा विचार यापूर्वी कोणी केलाच नाही, अशी समजूत या खेळाच्या साहित्यात सर्रास आढळते. ‘निर्बंधांचे साहित्य’ म्हटले की फ्रान्समध्ये १९६० साली स्थापन झालेल्या ऊलिपो या मंडळाचे नाव घेतले जाते, आणि ते योग्यच आहे; जॉर्ज पेरेक यांनी १९६९ साली फ्रेंचमधील सर्वांत जास्त वापरले जाणारे स्वराक्षर पूर्णपणे टाळून एक आख्खी कादंबरी लिहिली. परंतु निर्बंधाचा एकक कोणता हा प्रश्न संस्कृत चित्रकाव्याने त्याच्या कितीतरी आधी, आणि अधिक स्पष्टपणे, सोडवलेला होता. दण्डीच्या दशकुमारचरितातील मन्त्रगुप्ताच्या ओठांना प्रेयसीने केलेल्या दंशाची व्यथा असल्यामुळे तो आपली संपूर्ण कथा ओष्ठ्य वर्ण न उच्चारता सांगतो. येथे वर्ज्य आहे तो ध्वनी, आणि तोही उच्चारस्थानावरून ठरलेला. पेरेकने लेखनातील अक्षर वर्ज्य केले, दण्डीने मुखातील वर्ण. दोहोंना एकाच मापाने ‘अमुक चिन्ह नसलेली माला’ म्हणणे शक्य आहे. पण तसे म्हटल्याबरोबर दोन्ही कृतींमधला वेधक भाग हातातून निसटतो.

याच परंपरेत भारवीच्या किरातार्जुनीयाचा पंधरावा सर्ग आणि माघाच्या शिशुपालवधाचा एकोणिसावा सर्ग आहे. तेथे उलटसुलट सारखे वाचता येणारे श्लोक आहेत, आणि चारी दिशांनी वाचता येणारे सर्वतोभद्र आहेत. यांत उलटवला जातो तो वर्ण नव्हे, अक्षर. स्वरासह व्यंजन किंवा व्यंजनसमूह हा तेथील मणी आहे. सर्वतोभद्र आठ गुणिले आठ घरांच्या पटावर मांडतात. एका घरात एक अक्षर. कोणत्याही आज्ञावलीकाराला ओळखू येईल अशी ही सरणी आहे. वर्णांच्या क्रमाने तपासले तर यांतील एकही श्लोक उलटसुलट सारखा ठरणार नाही, कारण अक्षराच्या आत व्यंजन आधी आणि स्वर नंतर येतो, आणि उलटवल्यावर ते दोघे जागा बदलतात. म्हणजे एकाच परंपरेत एका खेळासाठी वर्ण हा एकक आहे आणि दुसऱ्यासाठी अक्षर, आणि हा भेद कोणाच्या सोयीवर सोडलेला नाही.

सवलतीही होत्या. चित्रबंधात ड आणि ल यांचा, ब आणि व यांचा अभेद मानण्याची मुभा होती. किराताच्या त्याच सर्गात केवळ एका व्यंजनावर रचलेला जो प्रसिद्ध श्लोक आहे, त्याच्या अगदी अखेरीस एक परके व्यंजन येते; अंतीचा वर्ण नियमभंग करणारा मानायचा नाही, असे सांगून परंपरेने त्याला सामावून घेतले. गोल्फमध्ये उत्तराच्या अखेरीस नवी ओळ सुरू करणारे अदृश्य चिन्ह आले तरी चालते, त्यासारखीच ही तरतूद आहे. फरक इतकाच की तेथे काय सोडून दिले आणि कोठे, हे उच्चारून सांगितलेले आहे. ‘एका व्यंजनाऐवजी कोणतेही चालेल’ असे तेथे कोणी म्हटले नाही.

मालेच्या अंताविषयी आणखी एक गोष्ट. सी या भाषेत माला म्हणजे स्मृतीतील सलग घरे आणि शेवटी एक शून्य. इंग्रजीतील जगाला नमस्कार करणारे प्रसिद्ध वाक्य १३ चिन्हांचे आहे, पण स्मृतीत ते १४ बाइट घेते. चौदावा मणी नसून गाठ आहे. गाठ माळेत असते, मण्यांत मोजली जात नाही. पाणिनीय परंपरेतील चौदा शिवसूत्रांच्या शेवटची व्यंजने नेमकी हेच काम करतात : ती सूत्रात आहेत, पण वर्णसमाम्नायात त्यांची गणना नाही. तेथेही एक अडचण उद्भवली. पहिल्या सूत्राची आणि सहाव्या सूत्राची गाठ एकाच व्यंजनाची, णकाराची, आहे. त्यामुळे त्या गाठीपर्यंत जाणारा प्रत्याहार आखूड घ्यायचा की लांब, असा संशय येतो. सी भाषेत मालेच्या मधोमध शून्य आले की नेमके हेच होते, आणि आज्ञावली निमूटपणे आखूड अर्थ घेते. वैयाकरणांनी मात्र हा संशय व्याख्यानाने, म्हणजे परंपराप्राप्त स्पष्टीकरणाने, मिटवला. लाघवाचा एवढा ध्यास असलेल्या शास्त्राने, जेथे अर्धी मात्रा वाचली तरी पुत्रजन्माइतका आनंद मानला जाई, एक अक्षर वाचवण्यासाठी संदिग्धता पत्करली. पण ती पत्करल्याचे मान्यही केले. सी भाषेची सरणी लांबी वेगळी देऊन, शेवटचे शून्य वगळून, ‘चिन्हांची यादी’ म्हणून गोल्फमध्ये पुढे केली जाते, तेव्हा तिची गाठ सोडलेली असते. ती यादी असेल. सी भाषेच्या कोणत्याही ग्रंथाने सांगितलेली माला ती नाही.

मराठीत मुलांना शिकवली जाणारी उलटसुलट वाक्ये या वादाची उत्तम कसोटी आहेत. ‘ती होडी जाडी होती’ हे वाक्य घ्यावे. अक्षरांनी उलटवले की तेच. अवकाश मात्र सोडून दिले पाहिजेत, कारण ते आरशात आपल्या जागी पडत नाहीत. संकेतस्थानांनी उलटवले तर आरंभीच निराधार ईकार येतो आणि वाक्य नापास होते. संगणक म्हणतो हे उलटसुलट वाक्य नाही. चौथीतला मुलगा म्हणतो आहे. ‘चिन्हांची यादी’ मान्य करणाऱ्या परीक्षकाने येथे कोणाचे ऐकायचे? यादी कोणती हे सांगितलेले नसल्यामुळे प्रत्येक स्पर्धक आपल्या भाषेला स्वस्त पडणारी यादी घेईल. स्विफ्टसारखी एखादी भाषा वाचकाला दिसणारा घटक हाच एकक मानते, तिच्यात हे वाक्य उत्तीर्ण होईल. इतर बहुतेकांत होणार नाही. भाषांना समान न्याय देण्यासाठी आणलेली सवलत एकाच वाक्याविषयी दोन विरुद्ध निकाल देते आणि दोन्ही बरोबर धरते.

त्याहून गमतीचे आहे ‘चिमा काय कामाची’. येथे अक्षरांचे मापही पुरे पडत नाही, कारण पहिला इकार ह्रस्व आहे आणि शेवटचा दीर्घ. तरीही मराठी माणसाने हे वाक्य उलटसुलट म्हणून पिढ्यान्‌पिढ्या स्वीकारले आहे. ते कानाला पटते. आणि एके काळी डोळ्यालाही पटले असते : मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत आणि शब्द तोडून लिहीत नसत. म्हणजे देवनागरीत या वाक्याला ज्या दोन सवलती लागतात, त्या दोन्ही मोडीच्या चालत आलेल्या रिवाजातच आहेत. त्या लिपीत हे वाक्य निर्दोष आहे. (मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ साली, आणि ती अशा दूरच्या पट्ट्यात की जावास्क्रिप्ट तिचे प्रत्येक चिन्ह दोन मोजते. लांबीचा दुप्पट हिशेब हाती आला की मोडीचा अभ्यासक त्याला दफ्तराची चूक समजेल.) वाक्य एकच, लिपी, कान आणि यंत्र यांचे तीन निर्णय. माला आधी आणि तिचे वाचन नंतर, असा क्रम मानणाऱ्यांनी यांतला कोणता निर्णय ‘माले’चा आणि कोणते दोन ‘वाचना’चे, ते सांगावे.

आतापर्यंतच्या उदाहरणांत हानी झाली ती खेळाची. पुढचे उदाहरण तसे नाही. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. ‘आचार्याला’ म्हणजे गुरूला आणि ‘आचाऱ्याला’ म्हणजे स्वयंपाक्याला. रफार आणि अर्धा र हा भेद मराठी लेखनात अर्थभेदक आहे. तो लिपीचा अलंकार नाही. युनिकोडमध्ये अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात त्यासाठी वेगळे संकेतस्थान आहे. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्तचिन्ह आणि त्यापुढे तेच अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही ‘दऱ्या’ सारख्याच दिसतात. पण एक ५ संकेतस्थानांचा आहे आणि दुसरा ६ चा, आणि मजकूर एकरूप करण्याचे जे अधिकृत नियम युनिकोडने दिले आहेत ते या दोहोंना एकरूप करीत नाहीत. परिणाम असा की एका पद्धतीने ‘दऱ्या’ शोधणाऱ्याला दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या दऱ्या सापडत नाहीत. आणि अदृश्य चिन्हे म्हणजे कचरा, असे समजून ती गाळून टाकणारी एखादी ‘स्वच्छता’ आज्ञावली त्या मजकुरावरून फिरली की दऱ्यांचे दर्या होतात आणि आचाऱ्याच्या जागी आचार्य उभे राहतात. चूक दिसत नाही, कारण जे शब्द उरतात ते शुद्ध मराठी शब्द असतात.

मराठी ग्रंथांच्या संगणकीय सूची, शब्दकोशांचे संकलन, एखाद्या कवीच्या शब्दकळेची गणना ही कामे आता विद्यापीठीय संशोधनात होऊ लागली आहेत, आणि ती करणारे अनेक विद्यार्थी आज्ञावलीलेखनाची हातोटी अशा खेळांतून आणि त्यांच्या नमुना-उत्तरांतून उचलतात. मालेची यादी करा, यादीवर काम करा, पुन्हा जोडा : ही रीत हातात बसते ती तेथेच. तिच्याबरोबर ‘चिन्ह म्हणजे यादीतला एक घटक’ हे मतही बसते. पाठचिकित्सेची जी शिस्त मराठीला एकनाथांनी शके १५०६ मध्ये केलेल्या ज्ञानेश्वरीच्या शुद्धीपासून परिचित आहे, तिच्यात पाठ आणि पाठभेद यांचा निर्णय करताना आधी लेखनिकाच्या सवयी तपासाव्या लागतात. संकेतस्थानांची यादी हाही एक लेखनिकच आहे. त्याच्या सवयी कोणी तपासत नाही, कारण तो यंत्र असल्यामुळे त्याला सवयी नसतातच असे मानले जाते.

सवलतीला विरोध करणारा दुसरा एक पक्ष आहे, त्याचाही येथे निर्देश केला पाहिजे. मात्र त्याच्यावर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. भाषेने ज्याला ‘स्ट्रिंग’ असे नाव दिले तेवढीच माला, असे हा पक्ष म्हणतो. मग सी भाषेत माला नाहीच म्हणायची, कारण त्या नावाचा मूलभूत प्रकार तिच्यात नाही. आणि टीसीएलमध्ये सर्वच माला, कारण ती भाषा प्रत्येक मूल्याकडे माला म्हणून पाहते. नावावरून वस्तू ठरवण्याची ही पद्धत कज्जेदलालीस बरी.

आता गुणांकनाचा प्रश्न. या खेळात लांबी चिन्हांत मोजावी की बाइटांत, हा वाद एका चलाखीमुळे निकालात निघाला. चिन्हे मोजली जात तेव्हा काही खेळाडूंनी दोन-दोन रोमन अक्षरे एकेका चिनी लिपिचिन्हाच्या संकेतात दडपून आपली संहिता निम्मी करून दाखवली. ‘चिन्ह’ हा एकक किती पोकळ आहे हे त्यांनी एका फटक्यात सिद्ध केले, आणि खेळाने त्यावर बाइट हे उत्तर काढले. ते उत्तर प्रामाणिक आहे, कारण निदान एकक सांगते. पण निष्पक्ष नाही. ‘नमस्कार’ या शब्दाचे ७ संकेत यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट होतात. जगाला इंग्रजीत अभिवादन करणारे संपूर्ण वाक्य १३ बाइटांत बसते. १९९१ च्या भारतीय मानकात, इस्कीमध्ये, देवनागरीच्या प्रत्येक संकेताला एकच बाइट लागे, त्यामुळे हा तिप्पट भार लिपीचा स्वभाव आहे असे कोणी म्हणू नये. तो एका विशिष्ट लेखनपद्धतीच्या रचनेतून आलेला आहे. गंमत अशी की गोल्फसाठीच घडवलेल्या जेलीसारख्या भाषांनी स्वतःसाठी २५६ चिन्हांची वेगळी सारणी करून घेतली आहे, जिच्यात नाना तऱ्हेची ठिपकेदार लॅटिन अक्षरे प्रत्येकी एका बाइटात बसतात. देवनागरीला त्या सारणीत जागा नाही. म्हणजे बाइट हा कठोर, निसर्गदत्त एकक नव्हे. ज्याला सारणी करून घेता येते त्याच्यासाठी तो लवचीक आहे. यादी आणि माला यांतील ७-९ बाइटांचा कारकुनी खर्च अन्यायकारक म्हणून माफ करणाऱ्यांनी एका शब्दामागे १४ बाइटांचा हा अधिभार अन्याय म्हणून कधी मोजलेला दिसत नाही.

उदारमतवाद्यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. पुष्कळ आव्हाने अशी असतात की त्यांत माला ही निमित्तमात्र असते. दहा रंगीत गोट्यांच्या ऐवजी दहा रोमन अक्षरे घेतली आहेत, एवढेच. त्यांची मांडणी बदला, त्यांतले जुळे शोधा, असा प्रश्न असेल तर यादी चालली काय, अंक चालले काय, काहीच बिघडत नाही. तेथे मजकूर नाहीच. परंतु जेथे प्रश्नात शब्द, ओळ, स्वर, यमक, उलटसुलट वाचन, वर्णानुक्रम यांपैकी काही आले, तेथे प्रश्न मजकुराचा झाला, आणि मजकुराला वाचक असतो. अशा ठिकाणी यादी स्वीकारण्यापूर्वी दोन गोष्टी विचारता येतात. ही यादी बाहेरच्या मदतीशिवाय छापली असता ती भाषा तिला मजकूर म्हणून छापते काय? जावास्क्रिप्टची सरणी या परीक्षेत उतरत नाही, ती प्रत्येक घटकामध्ये स्वल्पविराम घालते. हॅस्केलची यादी उतरते. आणि आव्हानात जो घटक मोजायचा आहे, बाइट, संकेत, वर्ण की अक्षर, तो नाव घेऊन सांगितला आहे काय? माधवराव पटवर्धनांनी ‘छंदोरचने’त वृत्त, जाती आणि छंद असे वर्ग केले ते नेमके या दुसऱ्या प्रश्नावर : लघुगुरूंचा क्रम मोजायचा, मात्रा मोजायच्या, की नुसती अक्षरसंख्या. थोरल्या अभंगाची ६-६-६-४ ही मोजणी मात्रांनी तपासणाऱ्याला कोणी अभंगात चूक सापडली म्हणून बक्षीस देणार नाही.

हे दोन प्रश्न विचारल्याने काही उत्तरे ७ किंवा ९ बाइटांनी लांबतील आणि काही आव्हानांच्या मजकुरात एक वाक्य वाढेल. त्यावर ‘खेळाला शास्त्राचे ओझे नको’ असा आक्षेप अपेक्षित आहे. तो घेणाऱ्यांनीच जेलीसारख्या भाषेत एका बाइटाची बचत करण्यासाठी कोणत्या आज्ञेला कोणते ठिपकेदार अक्षर द्यावे याचा केवढा काथ्याकूट केला आहे, हे त्या भाषेची सारणी समोर ठेवून पाहावे. आणि मग ‘दऱ्या’ या शब्दाच्या त्या दोन लेखनांना आपली आज्ञावली एकच माला म्हणते की दोन, तेवढे तपासावे.